इंजिन बसलं, आणि कंपनी म्हणते ‘वॉरंटीत बसत नाही’: पहिल्या ट्रकच्या मालकासाठी

खंबाटकीचा घाट साताऱ्याकडे चढताना माझ्या दहा चाकी गाडीचा टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, तेव्हा स्टिअरिंगवर भाचा होता. त्यानं गाडी बाजूला घेतली, मला फोन केला, थोड्या वेळानं ब्रेकडाऊन व्हॅन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, “हेड खोलावं लागेल. खोलू का?” मी जेवत होतो. म्हटलं, खोला. तो एक शब्द मला तीन लाखांच्या आसपास पडला.

दोन दिवसांनी गेलो तेव्हा पिस्टन एका पत्र्याच्या टबात डिझेलमध्ये धुऊन ठेवलेले होते. ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत फिरवलेला धूर कूलंटनं थंड करणारा भाग, कुठाय विचारलं, तर “टेस्टिंगला गेलाय”. कागदावर लिहिलं होतं: कूलंट कमी असताना गाडी चालवली, वॉरंटी अमान्य. कूलर आतून फुटून कूलंट संपलं की कूलंट संपल्यामुळं इंजिन तापलं, हे सांगू शकणारी एकच वस्तू होती आणि ती समोर नव्हती. धुतलेल्या पिस्टनवर तर काहीच उरलं नव्हतं. वॉरंटीचं भांडण इंजिन खोलायच्या आधीच लागतं आणि बऱ्याचदा तिथंच निकालीही निघतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणून आता क्रमानं सांगतो.

१. गाडी ताब्यात घेण्याआधी पुस्तिका वाचा

मोठ्या गाड्यांवर आता ‘सहा वर्षं किंवा सहा लाख किलोमीटर’ अशा जाहिराती असतात. ‘यातलं जे आधी होईल ते’ ही ओळ बारीक अक्षरात असते. लांब पल्ल्याची गाडी महिन्याला आठ-दहा हजार किलोमीटर सहज पळते, म्हणजे तुमची वॉरंटी वर्षांआधी किलोमीटरवर संपू शकते. शिवाय ही मोठी मुदत बहुतेक वेळा ड्राइव्हलाइनची, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सलची असते. पूर्ण गाडीची मुदत वेगळी आणि कमी.

तीन गोष्टी शोधून खुणा करून ठेवा. एक, वॉरंटी कुठल्या तारखेपासून. ती विक्रीच्या तारखेपासून धरली जाते. चेसिस घेऊन बॉडी बांधायला टाकलीत आणि बॉडीवाल्यानं दीड महिना लावला, तर तो दीड महिना तुमच्या मुदतीतून गेला. दोन, काय वगळलंय. फिल्टर, रबरी पाइप, क्लच प्लेट, ब्रेक लायनर हे वगळलेलं असतंच. बॅटरी, टायर, कधी फ्युएल पंप आणि इंजेक्टर यांच्यासाठी ‘त्या-त्या उत्पादकाकडे जा’ असंही लिहिलेलं असतं. तीन, नुकसानीचं कलम. बुडालेलं भाडं, ड्रायव्हरचा पगार, हप्ता यांची जबाबदारी आमची नाही, असं जवळपास प्रत्येक कंपनी लिहिते. त्यानं तुमचा कायद्यातला हक्क आपोआप संपत नाही, पण भांडण कुठून सुरू होणार हे कळतं.

२. आताचं इंजिन कशावर रुसतं

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं आणि सायलेन्सरच्या जागी रासायनिक कारखानाच बसला: धुरातले विषारी वायू जाळणारा डीओसी, काजळी अडवणारा डीपीएफ आणि युरियावर चालणारं एससीआर. जुन्या गाड्या बांधलेले मेस्त्री आजही “इंजिन तेच आहे, बाहेरची भानगड वाढलीय” म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या एकाच नळीत, डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारच्या घरात जातो. इंजेक्टरमधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, त्यामुळं डिझेलमधलं थोडं पाणीसुद्धा तिथं सँडपेपरचं काम करतं. वॉटर सेपरेटर रोज सकाळी सोडायचा, ही क्लीनरला सांगायची पहिली गोष्ट.

ज्याला आपण नुसतं ‘युरिया’ म्हणतो ते डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजविरहित पाणी. कॅनवर आयएसओ २२२४१ छापलेलं बघा. शेतातला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून विकणारे हायवेला भेटतात. त्यातल्या क्षारांनी नोझल चोंदते, पांढरे खडे धरतात आणि पुढं कॅटॅलिस्ट निकामी होतो. मग गाडी आपणहून ताकद कमी करते, घाटात पिकअप घेत नाही. युरिया बंद करून देणारा ‘डबा’ बसवणारेही सापडतील. तो बसवला की वॉरंटी विसरा. शिवाय प्रदूषणाच्या यंत्रणेत केलेला तो बेकायदा बदल आहे. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, त्याचा माग राहू शकतो.

इंजिन ऑइलही जुनं चालत नाही. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं, कमी राख सोडणारंच टाकायचं, नाहीतर राखेनं डीपीएफ भरतो. टॉप-अपला पंपावर मिळेल तो डबा ओतायची सवय असेल, तर ती मोडा.

एक अमेरिकेतली गोष्ट सांगतो, कारण ‘इंजिन गेलं म्हणजे ड्रायव्हरचीच चूक’ हे आपल्याकडं फार लवकर मान्य केलं जातं. २०१० चे तिथले प्रदूषणाचे नियम पाळायला बाकीच्या कंपन्यांनी युरिया घेतला. नॅव्हिस्टार या ट्रक कंपनीनं मात्र युरियाशिवाय, नुसता ईजीआर वाढवून मॅक्सफोर्स इंजिनं काढली. २०१२ मध्ये कंपनीला तो रस्ता सोडून युरियाकडं वळावं लागलं. २०११ ते २०१४ मॉडेलच्या ११ आणि १३ लिटर इंजिनांवरून मालकांनी एकत्र दावे केले आणि ते १३ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटले. एकाच जागी एकच बिघाड अनेकांना होत असेल, तर सगळ्यांचेच ड्रायव्हर बिघडलेले नसतात. आपल्याकडंही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ मध्ये एकसारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना ग्राहक आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. ट्रान्सपोर्ट नगरच्या चहाच्या टपरीवर “तुझ्या गाडीलापण?” असं विचारून होतं ना, ते जरा वहीत लिहून विचारा.

३. जॉबकार्डची भाषा

फाइल ठेवा, हे सगळेच सांगतात. त्या फाइलमध्ये काय लिहिलेलं असावं, ते फारसं कुणी सांगत नाही.

तुम्ही काउंटरला सांगता, “घाटात गाडी मरतेय, सहाव्या गिअरला काळा धूर मारते, कूलंट दर आठवड्याला लिटरभर टाकावं लागतंय.” ॲडव्हायझर संगणकावर जॉबकार्डात, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदात, टाइप करतो: ‘जनरल चेकअप’. तुम्ही सही करता. सहा महिन्यांनी इंजिन गेलं की कंपनी म्हणते, ग्राहकानं याआधी कूलंटची तक्रार कधी केलीच नव्हती. कागदानुसार ते खरंही असतं.

म्हणून सही करण्याआधी जॉबकार्ड वाचा. तक्रार तुमच्या शब्दांत आली नसेल, तर पेनानं लिहा: ‘कूलंट कमी होणे, तिसरी वेळ, १,१२,४०० किमी’. मराठीत लिहिलं तरी चालतं. लिहू देत नसतील, तर तिथंच उभं राहून कंपनीच्या ग्राहक सेवेला तेच वाक्य ईमेल करा आणि जॉबकार्डचा फोटो जोडा. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ नोंदवून घ्या. पुढं बुडालेलं भाडं मागायचं झालं तर हेच दिवस मोजले जातात.

फाइलमध्ये आणखी: डीईएफची बिलं, ऑइलचं बिल डब्याच्या फोटोसकट, डिझेलची बिलं शक्यतो ठरलेल्या पंपांची, आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्या. २८ टनांची गाडी ३५ टन भरून पळवत असाल, तर ही चिठ्ठी तुमच्याच विरोधात जाईल, हेही लक्षात असू द्या. कंपनीच्या ॲपवर गाडीचा डेटा दिसत असेल तर महिन्याला एकदा स्क्रीनशॉट काढा. तो डेटा कंपनीकडं असतोच, तुमच्याकडंही असावा.

४. इंजिन बंद पडलं त्या तासाला

बंद पडल्यावर सेल्फ मारत बसू नका. पिस्टन धरला असेल किंवा सिलिंडरमध्ये पाणी आलं असेल, तर त्या दोन झटक्यांत कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दोष तुमच्या माथी येतो. चावी ऑन ठेवून डॅशबोर्डवरचे दिवे, किलोमीटर आणि वेळ यांचा व्हिडिओ घ्या. इंजिनाखालचा रस्ताही त्यात घ्या. ऑइल पडलंय की हिरवं-लाल कूलंट, हे नंतर महत्त्वाचं ठरतं. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. ढाब्यावरच्या फिटरला नटसुद्धा हलवू देऊ नका. माणूस कितीही ओळखीचा असला तरी ‘अनधिकृत ठिकाणी खोललं’ हे कारण त्यातूनच तयार होतं.

मग नमुने. हे काम अर्ध्या तासाचं आहे. धुऊन वाळवलेल्या पाण्याच्या बाटल्या चालतील, पण नव्या घेतलेल्या बऱ्या. गाडी टो होण्याआधी डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइपनं ओढून किंवा कंपनीच्या ब्रेकडाऊन व्हॅनवाल्याकडून ड्रेन बोल्ट सैल करून पाव-अर्धा लिटर ऑइल घ्या. पहिली धार सोडून द्या, कारण तिथं तळाचा गाळ असतो. मधली धार दोन बाटल्यांत भरा. टाकीच्या तळातून डिझेलच्या दोन आणि डीईएफच्याही दोन. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावा, त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर, तारीख, वेळ लिहून तुमची आणि तिथल्या एखाद्या माणसाची सही घ्या. ब्रेकडाऊन व्हॅनच्या मुलाची मिळाली तर सोन्याहून पिवळं. एक संच कंपनीला पोच घेऊन द्या, एक घरी अंधारात ठेवा.

ऑइलच्या तपासणीत सिलिकॉन जास्त आलं की धूळ, सोडियम आलं की कूलंट मिसळल्याचा संशय, तांबं-शिसं आलं की बेअरिंग, ॲल्युमिनियम आलं की पिस्टन. म्हणजे इंजिन न खोलताही आत काय झालं याचा अंदाज एका बाटलीत असतो.

५. खोलण्याचा दिवस

सर्व्हिस सेंटर एका फॉर्मवर सही मागतं: वॉरंटी नाकारली गेली तर खोलण्या-बांधण्याचा खर्च ग्राहकाचा. सही न करता काम पुढं सरकत नाही. करा, पण सहीच्या वर लिहा: ‘वॉरंटीचा दावा कायम ठेवून, हक्क राखून, माझ्या समक्ष खोलण्याच्या अटीवर.’ तेवढ्या ओळीसाठी ते कुरकुर करतील. ठाम राहा.

खोलताना हजर राहा, एक दिवसाचं भाडं गेलं तरी. ओळखीचा चांगला मेस्त्री बरोबर न्या. त्यानं हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि तुम्हाला कानात सांगायचं. भाग धुण्याआधी फोटो: एअर फिल्टर आणि त्याच्या पुढचा पाइप आतून, टर्बोचा पंखा, हेड गास्केटची दोन्ही अंगं, प्रत्येक पिस्टनचा माथा सिलिंडर नंबरसकट. फोटोत भागाशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवणारा एक मालक मी पाहिलाय. हसण्यासारखं वाटतं, पण तारखेवरून वाद उरत नाही.

दावा मंजूर झाला तर बदललेले भाग कंपनी परत घेते. नाकारला तर ते तुमचे. तसं लेखी मागा आणि घेऊनच या.

६. नकार वाचायला शिका

नकार लेखी मागायचा. ‘फोनवर सांगितलं’ याला किंमत नाही. कारणं साधारण चार-पाचच असतात आणि प्रत्येकाला विचारण्यासारखा एक उलट प्रश्न असतो.

‘खराब डिझेल’ म्हणाले आणि सहांतला एकच पिस्टन वितळला असेल, तर विचारा: तेच डिझेल बाकीच्या पाच सिलिंडरना गेलं, त्यांना काय झालं? एकाच सिलिंडरला ताप असेल तर तिथला इंजेक्टर टपकत होता का, पिस्टनखाली ऑइल मारणारी नोझल बंद होती का, हे आधी बघायला हवं. तो इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावून अहवाल मागा.

‘धूळ गेली’ म्हणाले, तर धूळ हवेबरोबर जाते, म्हणजे ती टर्बोच्या पंख्याच्या कडा खाते आणि सिलिंडरच्या सगळ्याच लायनरवर खुणा सोडते. पंखा कोरा आणि एकच लायनर घासलेला, असं असेल तर पटत नाही. पण वणी-चंद्रपूरच्या कोळशात नाहीतर खडी क्रशरवर गाडी लावून फिल्टर हवेनं फुंकून पुन्हा-पुन्हा वापरला असेल, तर भांडायला जाऊ नका. तिथं कंपनी बरोबर असते.

‘ऑइल कमी पडलं’ म्हणाले तर सगळी बेअरिंगं आणि टर्बोचा शाफ्ट दोन्ही बघा. एकाच बेअरिंगनं दगा दिला असेल, तर त्याच्या ऑइलच्या वाटेत काही अडकलं होतं का? जोडणीच्या वेळचा सीलंटचा तुकडाही अडकू शकतो. ‘इंजिन तापलं’ हे माझं प्रकरण. तिथं प्रश्न एकच: आधी काय झालं? ईजीआर कूलर आणि वॉटर पंप तुमच्यासमोर दाब देऊन तपासायला लावा.

‘ऑइल उशिरा बदललं’ याला मात्र उत्तर एकच, बिल. नसेल तर नाही. तरीही उशिराचा आणि बिघाडाचा संबंध काय, हे त्यांनी सांगायला हवं. पाचशे किलोमीटर उशिरा ऑइल बदलल्यानं वायरिंग जळत नाही.

७. पत्र, आणि मग नोटीस

डीलरशी वाद घालण्यात आठवडे घालवू नका, निर्णय त्याच्या हातात नसतो. कंपनीच्या विभागीय सर्व्हिस मॅनेजरला ईमेल आणि स्पीड पोस्टानं एक पानाचं पत्र पाठवा: तारखा, किलोमीटर, जॉबकार्ड क्रमांक, मागणी, १५ दिवसांची मुदत. शिवीगाळ नाही, समाजमाध्यमांवर टाकण्याची धमकी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. कधी कधी तेवढ्यानंही वरचा माणूस फोन करतो. नाही जमलं तर वकिलामार्फत नोटीस, डीलर आणि उत्पादक दोघांनाही. एकालाच दिली की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

दोष सगळ्या मॉडेलचाच आहे असं वाटलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली गाड्या परत मागवण्याची तरतूद आहे. तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. त्यातून तुमचं बिल लगेच भरून निघणार नाही.

८. ग्राहक आयोग

पहिला प्रश्न: ट्रकमालक ग्राहक ठरतो का? ट्रक धंद्यासाठीच असतो, म्हणून कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढतो. उत्तर कायद्यातच आहे. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात ट्रकचंच उदाहरण दिलंय: स्वतः चालवायला ट्रक घेणारा ग्राहक आहे, मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरी. पूर्णपणे दुसऱ्याकडूनच चालवून घेतो तो नाही. तेव्हा स्वतःचं लायसन्स, टोलच्या नोंदी आणि हेच उत्पन्न असल्याचे कागद तयार ठेवा, आणि तक्रारीत ‘स्वयंरोजगारासाठी’ हे शब्द स्पष्ट लिहा. पाच-दहा गाड्यांचा ताफा असेल, तर दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागण्याची शक्यता जास्त.

गाडीला मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढं दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. २० ते ५० लाखांसाठी फी १,००० रुपये. कंपनीचं मुख्यालय कुठंही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘साहेब बघतो म्हणालेत’ यात ती निघून जाते.

आत दोष होता हे दाखवण्याचं ओझं बहुतेक तुमच्यावर येतं, म्हणून तज्ज्ञाचा अहवाल लागतो. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोगाला भाग प्रयोगशाळेत पाठवता येतात, तसा अर्ज सुरुवातीलाच करा. घरी आणलेले भाग आणि बाटल्या इथं कामाला येतात.

मागणी बेताची ठेवा. ‘नवी गाडी द्या’ हे क्वचित मिळतं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये मारुती विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात सांगितलं, की वॉरंटी सदोष भाग बदलण्यापुरती असेल तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. इंजिन किंवा दुरुस्तीचा खर्च, गाडी उभी राहिलेल्या दिवसांची भरपाई आणि बदललेल्या इंजिनावर नवी वॉरंटी, एवढं कागदांसकट मागा. भाड्याच्या नुकसानीसाठी आधीच्या सहा महिन्यांच्या बिल्ट्या आणि बँकेच्या नोंदी लावा. आणि या सगळ्यात हप्ता थांबवू नका. फायनान्सवाल्याला तुमच्या इंजिनाशी देणंघेणं नसतं, तो गाडी ओढून नेईल आणि पुरावाच हातातून जाईल.

९. ‘गुडविल’ आलं तर

नोटीस गेल्यावर कधी कधी फोन येतो: वॉरंटीत बसत नाही, पण गुडविलमध्ये पार्ट्सवर निम्मी सूट देऊ. उभ्या गाडीचा रोजचा तोटा बघता हे घेणं शहाणपणाचं असू शकतं. माझ्या दुसऱ्या वादात, जिथं बाटल्या आणि फोटो होते, मी पार्ट्सच्या पूर्ण रकमेवर मिटवलं. सही करण्याआधी बघा: मजुरी कोणाची, नव्या भागांची वॉरंटी कधीपासून, आणि ‘यापुढं कोणताही दावा नाही’ हे वाक्य फक्त या बिघाडापुरतं आहे की पूर्ण गाडीसाठी. ऑइल, कूलंट, फिल्टर आणि गास्केट किटचं नावही त्यात घालून घ्या. मी घातलं नव्हतं, आणि गाडी सोडवायला गेलो तेव्हा गेटपासच्या आधी त्याचं वेगळं बिल हातात पडलं.